नवा हंगाम सुरू होतोय: क्लबमध्ये खेळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हंगाम तोंडावर आला की नवे-जुने खेळाडू, पालक आणि कधीकाळी खेळलेली मंडळी बहुतेक तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नियमांबद्दल जिथे लिहिलं आहे तिथे एमसीसीचे (क्रिकेटचे नियम ठरवणारा लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब) क्रिकेटचे नियम धरले आहेत. तुम्ही ज्या स्पर्धेत खेळता तिचा नियम वेगळा असेल तर अर्थातच तो पाळायचा.

मी आजवर फक्त टेनिस बॉलवर खेळलोय. सीझन बॉलवर जमेल का?

जमेल. सुरुवातीचे काही आठवडे मात्र अवघड जातील, त्याने खचू नका. टेनिस बॉल साधारण 58 ग्रॅमचा असतो आणि पुरुषांच्या क्रिकेटमधला सीझन बॉल 155.9 ते 163 ग्रॅमचा. जवळजवळ तिप्पट वजन, वर टणकपणा. टेनिस बॉलला लांब घालवायचं तर सगळी ताकद फलंदाजाला स्वतः लावावी लागते, म्हणून पुढचा पाय लेगला काढून जोरात बॅट फिरवायची सवय लागलेली असते. सीझन बॉल गोलंदाजाच्या हातून वेग घेऊनच येतो. सरळ बॅटने, डोकं चेंडूवर ठेवून नुसता ढकलला तरी तो दोन क्षेत्ररक्षकांमधून निघून जातो. पहिल्या महिन्यात एवढंच पक्कं करा: पाय चेंडूकडे, बॅट सरळ. उंच फटके नंतर आपोआप येतील, तो जोर तुमच्यात आहेच.

गोलंदाजांनी शिवण सरळ धरायला शिकावं. टेनिस बॉलवर वेगासाठी कोपरातून हात झटकणाऱ्यांनी तर पहिल्याच सरावाला प्रशिक्षकाला किंवा एखाद्या जाणत्या सहकाऱ्याला आपली ॲक्शन दाखवावी. चेंडू सोडताना कोपर सरळ होत असेल तर तो नो-बॉल आहे. सामन्यात पंचांनी सांगण्यापेक्षा नेट्समध्ये मित्राने सांगितलेलं केव्हाही बरं.

भीती वाटणं स्वाभाविक आहे, आणि ती लपवू नका. पॅड, ग्लोव्हज, गार्ड (जांघेचं रक्षण करणारं कवच), हेल्मेट हे सगळं चढवूनच नेट्समध्ये उतरा. अंग झाकलेलं असलं की नजर चेंडूवर राहते.

सराव किती आधी सुरू करावा?

फलंदाज आणि फिरकी गोलंदाजांना महिनाभर पुरतो. वेगवान गोलंदाजांनी पहिल्या सामन्याच्या सहा ते आठ आठवडे आधी हळूहळू सुरुवात करावी. दुखापती बहुतेक एका कारणाने होतात: महिनोन्‌महिने काहीच नाही आणि एका शनिवारी एकदम दहा षटकं. पाठीचा कणा, पोटरी, मांडीमागचा स्नायू यांना तो धक्का सोसत नाही. पहिल्या आठवड्यात थोडेच चेंडू, तेही निम्म्या जोराने; दर आठवड्याला थोडी भर; लागोपाठ दोन दिवस पूर्ण वेगाने नाही. नेट्समध्ये टाकलेले चेंडू वहीत लिहून ठेवा. एरवी आपण किती टाकले ते कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि उत्साहात माणूस दुप्पट टाकून जातो.

झेल आणि फेकी यांना सगळे विसरतात. खांदाही गरम करूनच लांबून फेकायला लागा.

स्वतःचं कोणतं किट घ्यावं आणि क्लबचं कोणतं वापरावं?

गार्ड स्वतःचा, यावर चर्चा नाही. त्यानंतर हेल्मेट, कारण ते मापात बसलं तरच उपयोगाचं. जाळी आणि टोपीच्या कडेमधून चेंडू शिरणार नाही अशी फट हवी. बीएस 7928:2013 हे ब्रिटिश मानक पाळणारं हेल्मेट घ्या. त्या चाचणीत चेंडू जाळीतून किंवा फटीतून चेहऱ्यापर्यंत पोचतो का हेही तपासलेलं असतं. हेल्मेटवर एकदा जोरात चेंडू बसला की बाहेरून तडा दिसो न दिसो, ते बदलावं. मानेमागचा गार्डही लावा. नोव्हेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याला हेल्मेटच्या खाली, मानेवर चेंडू लागला आणि त्यातच तो गेला. त्यानंतर या गार्डकडे सगळ्या क्रिकेटजगताचं लक्ष गेलं.

तिसरी खरेदी बुटांची. पॅड, थाय पॅड, बॅट हे पहिल्या हंगामात क्लबच्या किट बॅगेतलं वापरायला काहीच हरकत नाही. महागडी बॅट आधी आणि हेल्मेट पुढच्या वर्षी, हा क्रम मात्र आम्हाला अजिबात मान्य नाही.

नवी बॅट घेतली आहे. सामन्यात लगेच चालेल?

नाही. इंग्लिश विलोचं लाकूड मऊ असतं. ते आधी ठोकून घट्ट करावं लागतं. कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात पुढच्या भागाला, कडांना आणि बॅटच्या खालच्या टोकाला द्यायचा. दांड्याच्या जोडाला आणि स्टिकरवर तेल लावू नये. बॅट आडवी ठेवून तेल मुरू द्यावं, मग लाकडी हातोडीने हलक्या हाताने सुरुवात करून काही दिवस, एकूण चार-सहा तास ठोकावी. कडांवर सरळ घाव घालू नका, तिरके घालून त्या गोलसर करा. पुढे जुन्या सीझन बॉलवर हलके झेल द्या. चेंडूच्या शिवणीचे खोल वळ उमटत असतील तर अजून ठोकायला हवी. पुढच्या भागावर पारदर्शक फिल्म चिकटवलेली असेल तर तिथे तेल नको, ठोकणं मात्र चुकत नाही.

बॅटचं माप कोणी तपासतं का?

तपासू शकतात. ऑक्टोबर 2017 पासून कडेची जाडी 4 सेंटीमीटर आणि एकूण जाडी 6.7 सेंटीमीटर यापेक्षा जास्त चालत नाही. रुंदी 10.8 आणि लांबी 96.52 सेंटीमीटर ही मर्यादा त्याआधीपासूनच आहे. फार जुनी, जाडजूड बॅट वापरत असाल तर आताच मोजून घ्या.

संघ कसा निवडला जातो?

आधी कोण उपलब्ध आहे ते पाहतात, मग सरावाला कोण येतं ते, आणि त्यानंतर खेळ. पहिल्या संघात जिंकण्याला अर्थातच वजन आहे. दुसऱ्या-तिसऱ्या संघात मात्र एक गोष्ट निवड समितीने हंगामाआधी लिहून ठेवावी, असं आम्ही आग्रहाने सांगतो: लागोपाठ दोन सामन्यांत ज्याला ना फलंदाजी मिळाली ना गोलंदाजी, त्याला तिसऱ्या सामन्यात पहिल्या पाचांत फलंदाजी किंवा किमान तीन-चार षटकं मिळालीच पाहिजेत.

मी दिवसभर मैदानावर होतो, पण दहाव्या क्रमांकावर नाव आणि एकही षटक नाही. तक्रार करावी का?

जरूर करा, आणि थेट कर्णधाराकडे करा. आमच्या दृष्टीने या सगळ्या यादीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

हौशी क्लबातली माणसं भांडून जात नाहीत. ती एक शनिवार येत नाहीत, मग दुसरा, आणि पुढच्या हंगामात त्यांचं नावच दिसत नाही. शोध घेतला की कारण बहुतेक एकच निघतं: उन्हात दिवसभर थर्ड मॅनला उभं राहायचं, चार चेंडू अडवायचे, आणि घरी जायचं. ज्याने सुट्टीचा अख्खा दिवस दिला त्याला सामन्यात आपला खरा वाटा मिळाला नाही, तर त्याने यावं कशासाठी? तीन तगडे खेळाडू सगळी षटकं आणि सगळ्या धावा घेऊन सामने जिंकून देतील. पण ते तिघे नसतील त्या दिवशी अकरा जण जमवताना नाकी नऊ येतात.

म्हणून कर्णधाराने नाणेफेकीआधीच प्रत्येकाला सांगावं, आज तुझ्याकडे काय काम आहे. "तू पाचवा, आणि फिरकीला मदत दिसली तर दोन षटकं." "आज तुला गोलंदाजी नाही, पण पुढच्या सामन्यात सलामीला जाशील." दिलेला शब्द पाळावा. सामना हातातून निसटत असला तरी पाळावा. सामना सोपा झाला असेल, समोरच्यांचे आठ गडी बाद असतील, तेव्हा शेवटचे दोन बळी मुख्य गोलंदाजालाच मिळवून देण्यात काय मोठं? त्या षटकांसाठी कोणीतरी सकाळपासून थांबलेलं असतं.

आणि क्षेत्ररक्षण हाही वाटाच आहे, पण जागा बदलत राहिल्या तरच. एकाच माणसाला दोन्ही टोकांकडून सीमारेषेवर पळवू नका.

येतो म्हणून सांगितलं होतं, आता जमत नाही. काय करू?

कळलं त्या क्षणी कळवा. शुक्रवारी रात्री आलेल्या नकारापेक्षा बुधवारचा नकार कितीतरी सोयीचा, कारण मधल्या दोन दिवसांत ज्याला वगळलं होतं त्याला बोलावता येतं. सकाळी निरोप टाकून फोन बंद करणं हा उरलेल्या दहा जणांवर अन्याय आहे.

आणि खरंच दहाच जण आले तर?

खेळता येतं. नियमांनुसार संघ अकरांचा असला तरी दोन्ही कर्णधारांच्या संमतीने कमी-जास्त खेळाडूंचा सामनाही होऊ शकतो. मैदानात मात्र अकरापेक्षा जास्त क्षेत्ररक्षक चालत नाहीत. किमान किती लागतात हे स्पर्धेचे नियम ठरवतात. बदली क्षेत्ररक्षकाला गोलंदाजी करता येत नाही, कर्णधारपदही नाही. यष्टिरक्षण तो पंचांच्या परवानगीने करू शकतो.

उशिरा येणाऱ्या गोलंदाजांनी हे लक्षात ठेवावं: आठ मिनिटांपेक्षा जास्त वेळ मैदानाबाहेर असलात, तर साधारणपणे तेवढा वेळ मैदानात काढल्याशिवाय गोलंदाजी करता येत नाही. या थांबण्याची कमाल मर्यादा 90 मिनिटं आहे.

आमच्या सामन्यांना तटस्थ पंच नसतात. फलंदाजी करणाऱ्या संघाचाच खेळाडू उभा राहतो. त्याने काय सांभाळावं?

आधी मोजणी. खिशात सहा खडे किंवा नाणी ठेवा, दर चेंडूला एक दुसऱ्या हातात घ्या. अपील झाल्याशिवाय बाद देऊ नका. आणि आपला माणूस बाद असेल तर बोट वर करा. हे ज्याला जमणार नाही त्याने तिथे उभं राहू नये.

पायचीत सगळ्यांना घाबरवतं. स्वतःला क्रमाने विचारा. नो-बॉल होता का? टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला का? असेल तर तिथेच संपलं, नाबाद. बॅटला आधी लागला का? लागला असेल तर नाबाद. पॅडवर आदळला तो ऑफ स्टंपच्या बाहेर, आणि फलंदाज खरोखर खेळायचा प्रयत्न करत होता? नाबाद. हे सगळं ओलांडून चेंडू यष्टींवर जाणार होता याची खात्री असेल तर बाद. शंका असेल तर नाबाद, आणि हाच माप दोन्ही संघांना.

जे पंचगिरी करतात त्यांच्याशी हुज्जत घालू नका, ते आपलेच सहकारी आहेत. क्लबने हंगामाआधी एका संध्याकाळी सगळ्यांना बसवून खुणा आणि नियम सांगावेत. हे काम कायम त्याच दोन बिचाऱ्या माणसांच्या गळ्यात पडू नये.

स्कोअर मोबाइलवर लिहिला तर पुरे ना?

ॲप वापरा, पण कागदी वहीही ठेवा. बॅटरी संपते, चुकून एक चेंडू पुसला जातो. दोन्ही संघांचे स्कोअरर शेजारी बसून दर षटकाला आकडे जुळवून घेतात, यापेक्षा भरवशाची पद्धत नाही. पंचांची प्रत्येक खूण हात वर करून पोचवा. बाइज आणि लेग-बाइज गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत, वाइड आणि नो-बॉल लागतात. नवख्यांची गल्लत इथेच होते.

अलीकडे बदललेले कोणते नियम क्लब क्रिकेटमध्ये खरोखर उपयोगी पडतात?

झेलबाद झाल्यावर फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलं होतं का, हा वाद 2022 पासून उरला नाही. नवा फलंदाज बाद झालेल्याच्याच टोकाला येतो, म्हणजे षटक संपलं नसेल तर पुढचा चेंडू तोच खेळतो. त्याच वर्षी थुंकी लावून चेंडू चमकवण्यावर कायमची बंदी आली, घाम चालतो. गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधीच पुढे निघालेल्या नॉन-स्ट्रायकरला बाद करणं आता साध्या धावचीतच्या नियमात आहे. त्यावरून कोणाला खजील करू नका. नॉन-स्ट्रायकरने क्रीजमध्ये थांबावं, एवढाच त्यावर उपाय.

2017 पासून क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला चेंडू झेलला तर फलंदाज बाद असतो. धावताना बॅट एकदा क्रीजच्या आत टेकून मग वेगाच्या भरात हवेत उडाली, तर फलंदाज धावचीत होत नाही. नव्या फलंदाजाला तीन मिनिटांत तयार राहावं लागतं, तेव्हा पुढचे दोघे पॅड बांधून बसलेले हवेत.

रनर (जखमी फलंदाजाच्या जागी धावणारा साथीदार) आंतरराष्ट्रीय सामन्यांतून 2011 मध्ये गेला, पण मूळ नियमांत तो आजही आहे. सामन्यादरम्यान फलंदाजाला दुखापत झाली तर रनर मागता येतो. टीव्हीवर दिसत नाही म्हणून पुष्कळ क्लब तो नाकारतात, तसं करू नये.

मैदानात वादावादी झाली तर?

कर्णधाराने तिथल्या तिथे आपल्या खेळाडूला आवरावं, ही जबाबदारी नियमांनीच त्याच्यावर टाकली आहे. 2017 पासून पंच गैरवर्तनाबद्दल समोरच्या संघाला पाच धावा देऊ शकतात, खेळाडूला काही षटकं बाहेर बसवू शकतात, आणि मारहाण किंवा पंचांना धमकी असेल तर उरलेल्या सामन्यासाठी बाहेर काढू शकतात.

मुलं कोणत्या वयापासून सीझन बॉलवर खेळू शकतात?

वयापेक्षा अंगाची आणि मनाची तयारी बघा. लहान हातांना मोठा चेंडू देऊ नका: 13 वर्षांखालच्यांसाठी 133 ते 144 ग्रॅमचा चेंडू असतो. बॅटही उंचीनुसार. "वाढत्या वयाचा आहे, पुढे होईल" म्हणून मोठी बॅट घेतली की मुलगा आडवी बॅट फिरवायला शिकतो, कारण सरळ उचलणं त्याला झेपत नाही.

मोठ्यांच्या सामन्यात मुलगा खेळत असेल तर त्याला जवळ उभं करू नका. इंग्लंडच्या बोर्डाच्या नियमानुसार 15 वर्षांखालच्यांनी फलंदाजाच्या मधल्या यष्टीपासून किमान 8 यार्ड आणि 13 वर्षांखालच्यांनी 11 यार्ड लांब उभं राहावं लागतं. अपवाद फक्त ऑफ साइडला यष्टींच्या मागच्या जागांचा. कुठेही खेळत असाल तरी हा नियम उचलण्याजोगा आहे. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची मोजणी शाळेची, क्लबची आणि सरावाची मिळून एकत्र ठेवा. तिन्ही ठिकाणचे प्रशिक्षक आपापल्यापुरते "फक्त सहा षटकं" म्हणतात, आणि पोराची कोवळी पाठ तिन्हींचा भार सोसते. पाठ दुखते म्हणाला तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टरांकडे.

मुली आणि महिलांना क्लबमध्ये जागा आहे?

आहे. स्वतंत्र संघाइतक्या जणी होईपर्यंत सराव आणि मैत्रीपूर्ण सामने एकत्र. महिलांच्या सामन्यांत 140 ते 151 ग्रॅमचा चेंडू वापरतात, तो क्लबने आणून ठेवायला हवा. कपडे बदलायला नीट जागा असणं ही पहिली गरज. ती नसेल तर स्वागताच्या गोष्टी करू नयेत.

डोक्याला चेंडू लागला, पण खेळाडू "मी ठीक आहे" म्हणतो. खेळू द्यावं का?

नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अंधुक दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं यांपैकी काहीही दिसलं, किंवा नुसती शंका आली, तरी त्या दिवशी तो पुन्हा मैदानात उतरणार नाही. लक्षणं काही तासांनीही येतात. त्याला एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका, घरच्यांना कळवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, शुद्ध हरपणं, हातपाय लटके पडणं यांपैकी काही झालं तर थेट रुग्णालय. परतताना डॉक्टरांच्या परवानगीने आणि टप्प्याटप्प्याने. पुढचा सामना कितीही मोठा असो, हा निर्णय खेळाडूवर सोपवू नका, कारण प्रत्येक जण खेळायलाच मागतो.

पाऊस किंवा विजा आल्या तर?

गडगडाट ऐकू आला की मैदान सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा. षटकं कमी झाली तर लक्ष्य कोणत्या पद्धतीने काढायचं हे सामन्याआधी ठरलेलं हवं. डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धत हाताशी असलेले गडीही मोजते. नुसती सरासरी धावगती लावली तर नंतर फलंदाजी करणाऱ्याचा फायदा होतो, कारण षटकं घटतात पण गडी दहाच्या दहा राहतात.

वर्गणी कशात जाते?

चेंडू, मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन, विमा, किटची दुरुस्ती. हिशेब कोणत्याही सदस्याला मागितल्यावर दाखवला पाहिजे. एकरकमी जमत नसेल तर खजिनदाराशी एकांतात बोला. पैशामुळे कोणाचं खेळणं थांबू नये, आणि ते संघासमोर चर्चेला येऊ नये.

मी आता खेळत नाही. माझा काही उपयोग?

खूप. खेळपट्टी पहिल्या सामन्याच्या कितीतरी आधी तयार होऊ लागते. आधी हलका रोलर, मग हळूहळू जड, आणि तोही मातीत पुरेसा ओलावा असताना. कोरड्या मातीवर कितीही फिरवला तरी फक्त वरचा थर दबतो. चिखलावर फिरवला तर माती रोलरला चिकटून येते. हा अंदाज ज्यांना आहे अशी माणसं प्रत्येक क्लबात मोजकीच असतात, आणि त्यांच्याकडून शिकायला कोणीतरी तरुण सोबत हवा. शिवाय स्कोअरिंग आहे, मुलांचा सराव आहे, प्रथमोपचाराची पेटी भरलेली ठेवणं आहे.

पहिल्या सामन्याला किती वाजता पोचायचं?

सुरुवातीच्या तासभर आधी. नाणेफेक सामन्याच्या 30 ते 15 मिनिटं आधी होते आणि त्यापूर्वी कर्णधाराला खेळाडूंची लेखी यादी पंचांकडे द्यावी लागते. एकदा नाव दिलं की समोरच्या कर्णधाराच्या संमतीशिवाय ते बदलता येत नाही. म्हणून यादी देताना जो मैदानावर हजर आहे त्याचं नाव आधी लिहिलं जाईल. वाटेत अडकला असाल तर फोन करा, जागा धरून ठेवू.